प्रश्न तुमचे, नाणी माझी

गेल्या अंकात संपादकांनी वाचकांना आवाहन केलं होतं की नाण्यांबद्दल काय हवं ते विचारा: संग्रहातलं आवडतं नाणं कुठलं, ज्याच्यासाठी जीव टाकावा असं नाणं कुठलं, वगैरे. पत्रांचा गठ्ठा आला, त्यातली निम्मी ‘याचे किती येतील?’ एवढंच विचारणारी. ती बाजूला ठेवली आहेत. उरलेल्यांपैकी जमतील तेवढी घेते. आधी एक सांगते. मी साताऱ्यातली निवृत्त कॅशियर. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. नाणं ओळखण्याची सवय पोटापाण्याच्या कामातून लागली, आवड त्यामागून आली.

ताई, सगळी नाणी देऊन टाका आणि एकच ठेवा म्हटलं तर कुठलं ठेवाल?
— एक वाचक, कराड

दुदांडी शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं जुनं नाणं. त्यातही माझ्याकडे आहेत त्यांतली सगळ्यात वाईट दिसणारी.

तांब्या-पितळेची मोड घेणाऱ्या एका दुकानात परातभर बारीकसारीक तुकड्यांत ती पडली होती. दुकानदारानं मोडीच्या भावानं, वजनावर दिली. हातात घेतली तर आधी तांब्याचा ठोकळाच वाटतो. गोल म्हणायचं ते केवळ नाणं आहे म्हणून. वरचा ‘श्री’ काठाच्या बाहेर गेलाय, म्हणजे उमटलाच नाही. मधला ‘राजा’ ठसठशीत आहे. खालच्या ‘शिव’मधली वेलांटी कळते, बाकीचं अंदाजानं वाचायचं. उलटून बघितलं की वर ‘छत्र’, खाली ‘पति’ आणि दोघांमधून गेलेल्या दोन आडव्या रेघा. याच त्या दोन दांड्या. कडेनं ठिपक्यांचं वर्तुळ असायला हवं. माझ्या नाण्यावर त्याची एक बारीक कमान तेवढी शिल्लक आहे.

अर्धा मजकूर काठाबाहेर का जातो, असं लोक विचारतात. त्या टांकसाळींत यंत्र नव्हतं. ठसा मोठा, तांब्याची चकती लहान, वरून हातोड्याचा घाव. कारागिराचा हात ज्या बाजूला कलेल ती बाजू उमटायची. त्यामुळे दोन शिवराया शेजारी ठेवल्या तर सहसा जुळत नाहीत. अक्षरांची वळणं वेगळी, ऱ्हस्व-दीर्घ वेगळं, काहींवर चंद्र-सूर्यासारखी चिन्हं. नुसत्या शिवरायाच जमवणारे लोक मला माहीत आहेत. त्यांचं वेड बरंच स्वस्तात भागतं, म्हणून मला त्यांचा थोडा हेवाही वाटतो.

माझी शिवराई आवडण्याचं कारण तिची झीज. ‘राजा’मधल्या ‘ज’चा खालचा भाग बोटानं चाचपला तर सपाट लागतो, वरचा अजून उठून आहे. म्हणजे हे नाणं बाजारात फिरलंय. मीठ, तेल, बिब्बे, चुना, काय काय आणलं असेल तिनं.

आमच्या देव्हाऱ्यात सासऱ्यांच्या सासऱ्यांपासूनची शिवराई आहे. ती शिवाजी महाराजांच्याच वेळची समजायची ना?
— एक गृहिणी, भोर

बहुधा नाही. पण म्हणून देव्हाऱ्यातून खाली काढू नका.

महाराजांनी शिवराई सुरू केली. त्यांच्यामागून छत्रपतींच्या आणि पुढे पेशव्यांच्या अमलात हेच नाव आणि हाच मजकूर घेऊन ती पाडली जात राहिली. इंग्रजांचं राज्य आलं तरी एकोणिसाव्या शतकात खेडोपाडी ती चालत होती. त्यामुळे आज जुन्या बाजारात मिळणाऱ्या शिवरायांपैकी बऱ्याचशा महाराजांच्या नंतरच्या असतात. नाण्यावर साल नाही, त्यामुळे अंगावरच्या खुणांवरून ठरवावं लागतं. आधीच्या शिवराया वजनानं भरदार, साधारण ११ ते १३ ग्रॅमच्या, अक्षर नेटकं आणि ठिपक्यांचं वर्तुळ रेखीव. पुढच्या काळातल्या हलक्या आणि अक्षरानं ढिसाळ. छत्र आणि पति यांच्यामध्ये दोन दांड्या असतील तर ती पेशवाईच्या काळाकडे न्यायची.

सराफाकडच्या काट्यावर वजन करून घ्या. घासूनपुसून मात्र नेऊ नका. हळदीकुंकवाचा थर बसला असेल तर तो मऊ कापडानं जेवढा निघेल तेवढाच काढा.

नाणी जमवणाऱ्या प्रत्येकाला स्वप्नात दिसतं असं नाणं कुठलं? आणि तुमच्या स्वप्नातलं?
— कॉलेजचा विद्यार्थी, पुणे

महाराष्ट्रात हा प्रश्न विचारला की शंभरातले नव्वद जण म्हणतील, शिवाजी महाराजांचा होन. बरोबरच आहे. १६७४ला राज्याभिषेक झाला, त्या काळातलं हे सोन्याचं नाणं. वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, मजकूर शिवराईचाच: श्री राजा शिव, छत्रपति. खरे म्हणून मान्य झालेले होन अगदी मोजके आहेत. गडांच्या पायथ्याशी टोपल्यांत मिळतात त्या प्रतिकृती. गळ्यात घालायला छान आहेत. ‘आमच्या आजोबांना वाड्याच्या भिंतीत सापडला’ असं सांगून कोणी होन विकायला आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

देशभरातल्या संग्राहकांना विचाराल तर जहांगीरच्या राशींच्या मोहरा निघतील. त्यानं १६१८मध्ये ठरवलं की नाण्यावर महिन्याचं नाव घालण्याऐवजी सूर्य त्या महिन्यात ज्या राशीत असतो तिचं चित्र घालायचं. मेंढा, बैल, सिंह, विंचू आणि त्यांच्या पाठीमागे सूर्य. आग्र्याला मोहरा पाडल्या, अहमदाबादला रुपये. चित्रं इतकी देखणी की पुढे त्यांच्या नकलाही भरपूर झाल्या. तिसरं नाव घ्यायचं तर समुद्रगुप्ताचं सोन्याचं नाणं, वीणावादक दीनार. राजा मंचकावर निवांत बसून वीणा वाजवतोय. नाण्यावरचे राजे एरवी धनुष्य नाहीतर परशू घेऊन उभे असतात, हा आपला मांडीवर वीणा घेऊन बसलाय. गुप्तांच्या नाण्यांचा मोठा साठा १९४६ला राजस्थानात बयाना इथं सापडला. त्याची सूची अनंत सदाशिव आळतेकरांनी केली. ते आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले, ही माहिती मी संधी मिळेल तिथं घुसवते.

अमेरिकेतलं १९३३चं वीस डॉलरचं सोन्याचं नाणंही या यादीत हमखास असतं. ४,४५,५०० नाणी पाडली, पण चलनात आणलीच नाहीत, वितळवून टाकली. टांकसाळीतून बाहेर गेलेल्यांपैकी एक २०२१मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरला गेलं. जगातलं सगळ्यात महागडं नाणं म्हणून त्याचा गवगवा झाला. मला काही त्याचं कौतुक वाटत नाही. त्या नाण्यानं जन्मात कधी पावशेर भाजीसुद्धा आणलेली नाही.

आता माझं स्वप्न. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी म्हणून गाव आहे. तिथं १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी. सगळी क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाची. एका बाजूला राजाचा चेहरा, भोवती ग्रीक वळणाची अक्षरं. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी अशा दोन लिप्यांत नाव. नाणं लहान, सव्वादोन ग्रॅमच्या आगेमागे, करंगळीच्या नखावर मावेल एवढं. नहपानाला सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं हरवलं. या साठ्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातकर्णीनं आपला शिक्का मारलेला आहे. नाणी गोळा करून वितळवण्याच्या भानगडीत न पडता त्याच नाण्यांवर, नहपानाच्या गालावर, कपाळावर, नाकावर, तीन कमानींचा डोंगर आणि आपलं नाव. पालथ्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे अधिक चिन्हाच्या चार टोकांना चार गोळे.

कॅशियरच्या नजरेनं हा प्रकार फार आवडतो. राजा गेला, चांदी तीच. बाजार बंद पडू द्यायचा नाही, पण सत्ता कोणाची ते प्रत्येकाच्या हातात पोचवायचं. इतक्या नाण्यांवर शिक्के मारायला किती माणसं बसली असतील!

याची लेखी बाजूही नाशिकलाच आहे, पांडवलेण्यांत. तिथं नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात ७०,००० कार्षापणांच्या, म्हणजे चांदीच्या नाण्यांच्या, दानाचा हिशोब दिलाय: पस्तीस कार्षापणांना एक सुवर्ण, म्हणजे सोन्याचं नाणं, असे २,००० सुवर्ण. दगडात कोरलेला विनिमयाचा दर! त्याच डोंगरातल्या दुसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राची आई बलश्री हिचा लेख आहे, त्यात आपल्या मुलानं क्षहरातांचा वंश निखालस संपवला असं तिनं लिहवून ठेवलंय. दोन्ही लेख एका सकाळी बघून होतात. जमलं तर नाशिकहून त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे, तेही बघून या.

हे शिक्का मारलेलं नाणं होनासारखं दुर्मिळ नाही, लिलावांत अधूनमधून येतं. मग स्वप्न कसलं? मला असं हवंय की ज्यावर दोघंही दिसतील: शिक्क्याखालून नहपानाचं नाक आणि ओठ ओळखू यावेत, आणि वर सातकर्णीचा डोंगर अख्खा यावा. आजवर जी पाहिली त्यांत एक तर राजा पुरता पुसलेला, नाहीतर डोंगर अर्धाच.

आमच्या ओळखीचे नाण्यांचे व्यापारी सांगतात की कोरं करकरीत नाणंच घ्यावं, झिजलेल्याला किंमत नाही. तुम्ही तर झिजलेल्यांचंच कौतुक करता. नक्की काय करावं?
— एक वाचक, ठाणे

पैसे गुंतवायचे असतील तर व्यापाऱ्याचं ऐका. टांकसाळीतून निघालेली चमक जशीच्या तशी असेल तर त्याच सालच्या झिजलेल्या नाण्याच्या कितीतरी पट भाव मिळतो, यात वाद नाही.

पण झीज म्हणजे नुसतं नुकसान असंही नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी हे मूळचे गोव्याचे, गणिताचे प्राध्यापक, राहायला पुण्यात. प्राचीन आहत नाणी, म्हणजे चांदीच्या तुकड्यांवर सूर्य, डोंगर, प्राणी असे सुटे शिक्के मारलेली नाणी, त्यांना कोड्यात टाकून बसली. या नाण्यांवर ना राजाचं नाव, ना साल. मग आधीचं कुठलं, नंतरचं कुठलं? कोसंबींनी तराजू घेतला. नाणं हातोहाती फिरतं तसं रतीभर, गुंजभर झिजत जातं. एकेका नाण्यावरून काही कळणार नाही, पण एका प्रकारच्या पुष्कळ नाण्यांची सरासरी काढली तर जो प्रकार जास्त हलका तो जास्त काळ फिरलेला. हे खरं की खोटं ते बघायला त्यांनी आपल्या काळातली चालू नाणी बाजारातून आणून त्यांचीही वजनं केली. त्या नाण्यांवर सालं छापलेली, तेव्हा हिशोब पडताळून पाहता आला. तक्षशिलेच्या साठ्यांतल्या नाण्यांचा क्रम त्यांनी या रीतीनं लावला.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार बरं वाटलं. आम्ही काउंटरवर बसणारे लोक गुळगुळीत झालेली आठ आणे, रुपया बोटांनीच वेगळे काढायचो. त्यामागे असं गणित असेल हे कोणाच्या डोक्यात आलं होतं?

तेव्हा माझा सल्ला असा. १९५०नंतरची नाणी घ्याल ती शक्यतो कोरी घ्या, कारण ती अजून मिळतात. त्याआधीची घेताना मजकूर आणि साल वाचता आलं तर झिजेची फिकीर करू नका. घासून चकाचक केलेलं जुनं नाणं मात्र फुकट मिळालं तरी नको.

आईच्या पुतळीहारातल्या पुतळ्या ही खरीच नाणी असतात का? सराफ म्हणतात डिझाइन आहे.
— एक वाचक, कोल्हापूर

या पत्रानं माझा दिवस चांगला गेला. सराफ आणि तुम्ही, दोघंही बरोबर आहात.

पुतळी हे मूळ नाणंच. इटलीतल्या व्हेनिसचा सोन्याचा डुकाट. १२८४ला तो निघाला आणि १७९७ला व्हेनिसचं प्रजासत्ताक बुडेपर्यंत त्याचं रूप जवळजवळ तेच राहिलं. वजन साडेतीन ग्रॅम, सोनं जवळपास शुद्ध. मिरी-मसाल्याच्या व्यापारात तो आपल्या किनाऱ्यावर उतरला आणि सोनं चोख म्हणून लोकांनी डोळे मिटून घेतला. एका बाजूला संत मार्क उभे आणि त्यांच्यापुढे व्हेनिसचा प्रमुख गुडघे टेकून बसलेला, दोघांच्या मध्ये ध्वजाची काठी. दुसऱ्या बाजूला चांदण्यांनी भरलेल्या, बदामाच्या आकाराच्या चौकटीत येशू. आपल्याकडे कोणाला त्यातलं काय कळणार? माणसांच्या पुतळ्या दिसल्या, झाली पुतळी. शिवाजी महाराजांच्या खजिन्याची यादी बखरकार सभासदानं दिली आहे, तीत मोहरा आणि होनांबरोबर पुतळ्याही मोजलेल्या आहेत.

पुढे दागिन्यासाठी इथल्या सोनारांनी नकला केल्या. हळूहळू संत मार्क गेले आणि तिथं राम-सीता, राधा-कृष्ण, लक्ष्मी आली. आजचा पुतळीहार हा त्या नकलांचा वंशज.

तुमच्या आईचा हार खिडकीशी नेऊन भिंगाखाली धरा. उभ्या आकृत्यांच्या कडेनं सुट्या, वाचता येणाऱ्या रोमन अक्षरांची उभी ओळ दिसते का? काठीला लागून डी, व्ही, एक्स अशी तीन अक्षरं एकाखाली एक आहेत का? असतील तर ती पुतळी खरोखर समुद्र ओलांडून आली असण्याची शक्यता आहे. अक्षरांच्या जागी नुसत्या काड्या-मात्रा असतील तर इथलीच नक्कल. जुन्या हारात कधी कधी एकदोन अस्सल आणि बाकीच्या नकला अशी सरमिसळ असते. म्हणून हार मोडीत घालण्याआधी एकेक पुतळी बघा. ओवायला कान जोडलेला असला की संग्राहकांच्या लेखी किंमत घटते. तुमच्या लेखी घटायचं कारण नाही.

माझ्याकडे ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८चं हनुमानाचं आण्याचं नाणं आहे. मोबाइलवर त्याची किंमत लाखांत सांगतात. खरं का?
— एक वाचक, जालना

नाही. कंपनीनं हनुमान, राम दरबार, लक्ष्मी अशी चित्रं घालून आण्याची नाणी कधी पाडलीच नाहीत. १६१६, १७१७, १८१८ अशी लक्षात राहणारी सालं घातलेले हे तुकडे अलीकडच्या काळात बनवलेले आहेत. जत्रेत, देवळांबाहेर, आता मोबाइलवर विकतात. देवाचं चित्र आहे तर पूजेत ठेवा.

‘तांदूळ खेचणारं नाणं’ म्हणून जे दाखवतात ती तर सरळ फसवणूक.

वैष्णोदेवीच्या नाण्याबद्दलही तीन पत्रं आहेत. ते पाच आणि दहा रुपयांचं चालू नाणं आहे, भरपूर पाडलेलं. पाचाचं पाच रुपयांना घ्या.

आणि जुनी नाणी विकून देतो, आधी नोंदणी फी भरा, रिझर्व्ह बँकेची मान्यता आहे, असा फोन आला तर ठेवून द्या. असल्या व्यवहाराशी आपला काही संबंध नाही आणि आपण कुणाकडून फी किंवा कमिशन मागत नाही, असं रिझर्व्ह बँकेनं २०२१मध्ये जाहीर सांगितलं आहे.

आजोबांच्या पेटीत १९११चा रुपया निघाला. तो ‘डुकराचा रुपया’ आहे असं कोणीतरी म्हणालं. म्हणजे काय?
— एक वाचक, अमरावती

पाचवा जॉर्ज गादीवर आला आणि त्याच्या नावाचा रुपया १९११ला निघाला. राजाच्या अंगावरच्या पदकांच्या साखळीत एक चिमुकला हत्ती आहे. तो काढणाऱ्यानं सोंड आखूड केली, पाय बुटके केले, आणि हत्ती डुकरासारखा दिसायला लागला. लोक बिथरले, विशेषतः मुसलमान समाजात नाराजी पसरली. सरकारनं नाणं मागे घेतलं, टांकसाळीत पडून असलेला साठा वितळवला आणि १९१२पासून नीट सोंड-कान दिसतील असा हत्ती घातला. भिंग घेऊन तुमचा १९११चा आणि एखादा १९१२नंतरचा रुपया शेजारी ठेवा, फरक लगेच कळेल. ज्याला डुक्कर दिसायचं त्याला दिसतं. मला विचाराल तर तो उंदीर वाटतो.

तुमचा रुपया चांगला आहे, जपा. अस्सल असेल तर वजन ११.६६ ग्रॅमच्या जवळ भरेल आणि लाकडी टेबलावर टाकला तर चांदीचा लांबत जाणारा आवाज येईल. पण आवाज ऐकायच्या नादात फरशीवर टाकू नका.

पेटीत आणखी रुपये असतील तर १९३९चा आहे का ते बघा. सहाव्या जॉर्जच्या रुपयांत तोच दुर्मिळ. पुढच्याच वर्षी रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली. मात्र १९३९च्या नावाखाली शेवटचा आकडा कोरून बदललेले रुपयेही बाजारात फिरतात. नऊच्या आसपासचा भाग भिंगातून खरवडल्यासारखा दिसला तर घ्यायचा नाही.

दौलताबादला पाडलेलं एखादं नाणं सामान्य माणसाला मिळू शकेल का? किल्ल्याच्या जवळ राहतो म्हणून विचारतो.
— एक शिक्षक, छत्रपती संभाजीनगर

मिळेल, आणि गोष्टीसकट मिळेल. महंमद तुघलकानं १३३०च्या सुमारास चांदीच्या टंक्याच्या जागी तांब्या-पितळेचं नाणं काढलं आणि त्याला चांदीचाच भाव दिला. काही नाणी दौलताबादच्या टांकसाळीतली आहेत, तसं त्यांच्यावर लिहिलेलंही आहे. कल्पना आजच्या नोटेचीच. पण नोटेवर नक्कल टाळायची सोय असते, इथं ज्याच्याकडे पितळ आणि भाता तो टांकसाळवाला झाला. खोट्या नाण्यांचा पूर आला आणि सुलतानाला ती परत घेऊन चांदी मोजावी लागली. आपण त्याला तुघलकी कारभार म्हणून हसतो. एक कॅशियर म्हणून मला वाटतं की त्यानं लोकांची नाणी परत घेतली, ही गोष्ट त्याच्या खात्यावर जमा धरली पाहिजे.

घेताना खात्रीच्या माणसाकडून आणि लेखी पावतीनं घ्या.

सूनबाईनं जुने रुपये चिंचेनं घासून लख्ख केले. आता?
— एक सासूबाई, मिरज

आता काही नाही. कापडाची पुरचुंडी सोडून कोऱ्या कागदी पाकिटात एकेक वेगळा ठेवा, मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, ते कालांतरानं हिरवं चिकट होतं. आणि सूनबाईंवर रागावू नका, चांदी म्हटल्यावर घासायचीच हे आपणच शिकवलेलं असतं.

शेत नांगरताना मडकं लागलं, आत नाणी आहेत. भाऊबंद म्हणतात वाटून घेऊ. तुम्हाला काय वाटतं? नाव छापू नये.
— नगर जिल्हा

वाटून घेऊ नका. १८७८चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. त्यात दहा रुपयांहून जास्त मोलाचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. दहा रुपये! म्हणजे मडक्यात काहीही असलं तरी कळवायचं. लपवलं तर हक्कही जातो आणि शिक्षाही होते. कळवलं तर सापडणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा वाटा ठरवायची रीत त्याच कायद्यात आहे.

दुसरं, मडकं फोडू नका, नाणी धुऊ नका, मोजायला म्हणून वेगळी करू नका. जोगळटेंभीचा साठा एकत्र तपासला गेला म्हणून नहपान आणि सातकर्णी यांच्यात आधीचा कोण, नंतरचा कोण हे नाण्यांवरून सिद्ध करता आलं. तीच नाणी तेरा घरांत वाटली गेली असती तर प्रत्येकाच्या घरी चांदीचे नुसते तुकडे राहिले असते. मडकं होतं त्या जागेचा फोटो काढून ठेवा आणि तलाठ्यामार्फत आजच्या आज अर्ज द्या. भाऊबंदांना हा अंक दाखवा.

मावशी, मी पाचवीत आहे. माझ्याकडे खाऊचे पैसे आहेत, त्यातून नाणी कशी जमवू?
— वेंगुर्ला

खाऊचे पैसे खाऊलाच ठेव. घरातल्या चिल्लरीवर सुरुवात कर. नाण्यावर सालाच्या खाली बघ. चौकटीतल्यासारखा हिरा असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, बारीक ठिपका असेल तर नोएडाचं आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. आता एकाच सालचा दोन रुपया चारही टांकसाळींचा मिळतो का ते शोध. प्रत्येक सालाला चारही मिळतीलच असं नाही. वाण्याच्या दुकानात गर्दी नसताना विचारलंस तर तो गल्ला बघू देईल.

मग आजीचा डबा. एक, दोन, तीन पैशांची हलकी ॲल्युमिनियमची नाणी निघतील, कमळाचे वीस पैसे निघतील, भोकाचा पैसा निघाला तर चैनच. तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला, १९४३पासूनचा. धातू वाचवायला मधोमध भोक ठेवलं होतं. आणि १९५७ ते १९६३मधल्या पैशांवर ‘नया पैसा’ किंवा ‘नये पैसे’ लिहिलेलं सापडेल. आजीला विचार की एका आण्याचे किती नये पैसे यायचे. सहा म्हणेल. मग सोळा आण्यांचे किती झाले ते तिलाच करायला सांग आणि शंभर का होत नाहीत ते विचार. त्यावरून तेव्हा दुकानादुकानांत भांडणं झालेली तिला आठवतील.

पुढच्या अंकासाठी नाण्याचे फोटो पाठवणार असाल तर दोन्ही बाजूंचे पाठवा, शेजारी शाळेची पट्टी ठेवा, फ्लॅश बंद ठेवा आणि वजन लिहा. नाणं पोस्टानं पाठवू नका. गेल्या महिन्यात एकानं पाकिटात घालून पाठवलं, पाकीट फाटकं आलं आणि आत फक्त पत्र होतं.